वाचकांचे प्रश्न : स्विचनंच राउटिंग केलं तर?

मागच्या अंकात व्हीलॅनवर लिहिलं होतं, म्हणजे एकाच स्विचचे पोर्ट गटागटात वाटून एका डब्याचे चार वेगळे स्विच असल्यासारखं कसं वापरायचं ते, आणि शेवटी एक ओळ टाकली होती की या गटांना एकमेकांशी बोलायचं असेल तर राउटिंग लागतं. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवर आली. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि फक्त हाच घेतला, ब्रिजिंग आणि राउटिंग एकाच डब्यात. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते नीट वाचा, पुढची सगळी त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : नमस्कार सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल आणि चादरीचं युनिट आहे, तीन शेड आणि एक ऑफिस. नेटवर्कवाल्यानं २४ पोर्टचा लेयर ३ स्विच बसवला, ऑफिस, कॅमेरे आणि सर्व्हर असे तीन व्हीलॅन केले. स्विचमधून एक वायर जुन्या छोट्या राउटरला जाते, त्याला सगळे १०० एमबीपीएसचेच पोर्ट आहेत. ४४ कॅमेरे आहेत, रेकॉर्डिंगचा एनव्हीआर सर्व्हरच्या व्हीलॅनमध्ये आहे, आणि रेकॉर्डिंग सारखं तुटतंय. नेटवर्कवाला म्हणतो अजून मोठा राउटर घ्या, पण दुसरा एक जण म्हणाला की तुमचा स्विच स्वतःच राउटिंग करतो की, मग राउटर कशाला. खरं काय ते सांगा.

उत्तर : दुसरा माणूस बरोबर आहे, पण त्याच्याही आधी एक गोष्ट करायची राहिलीय.

हिशोब करा. एका कॅमेऱ्याचा बिटरेट ४ एमबीपीएस धरला तरी ४४ कॅमेऱ्यांचे १७६ होतात. कॅमेरा एका व्हीलॅनमध्ये आणि एनव्हीआर दुसऱ्यात, म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र स्विचमधून त्या एका वायरनं राउटरकडे वर जाणार आणि त्याच वायरनं परत खाली येणार, आणि त्या वायरची ताकद एका दिशेला १०० एमबीपीएस. १७६ त्यात मावणार कसे? राउटर खराब नाहीये, त्याच्यावर नको ते काम टाकलंय. बरं, कॅमेरा आणि एनव्हीआर एकाच स्विचला जोडलेले, शेजारी शेजारी, तरी त्यांचं बोलणं दुसऱ्या डब्यात जाऊन परत येतंय.

म्हणून पहिलं काम, एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये टाका. दिवसरात्र चालणारं रेकॉर्डिंग मग राउटिंगमध्ये जाणारच नाही, ते नुसतं ब्रिज होईल. ऑफिसात बसून कुणी चित्र बघेल तेवढंच राउट होईल, आणि ते थोडं असतं. ज्याला राउटिंगची गरज नाही ते राउट करूच नका, कितीही महागाचा डबा आणला तरी हे आधी बघा. मी बघितलेल्या बऱ्याच कारखान्यांत व्हीलॅन डिपार्टमेंटच्या नावावरून पाडलेले असतात, कोण कुणाशी बोलतं हे कुणी विचारलेलंच नसतं.

आता स्विच राउटिंग कसा करतो ते. ब्रिजिंग म्हणजे काय, तर स्विचकडे फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, आली की तो पाठवणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस (म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) आणि पोर्ट टेबलमध्ये लिहून ठेवतो, मग ज्याला जायचंय त्याचा मॅक टेबलमध्ये शोधतो, सापडला तर त्याच पोर्टला देतो आणि नाही सापडला तर त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर सोडून देतो. आयपी अ‍ॅड्रेसशी त्याचं घेणंदेणं नाही. राउटिंगमध्ये उलट, डबा आयपी बघतो, कुठल्या सबनेटला, म्हणजे आयपी पत्त्यांच्या कुठल्या गटाला, जायचंय ते राउटिंग टेबलमध्ये शोधतो, टीटीएल, म्हणजे पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा, एकनं कमी करतो, आणि मॅकचं जुनं पाकीट फाडून नवं पाकीट चढवतो.

लेयर ३ स्विच ही दोन्ही कामं करतो, मग कुठल्या फ्रेमला काय करायचं हे त्याला कळतं कसं? सगळ्या विषयाची चावी इथंच आहे आणि ती फार साधी आहे. स्विचला प्रत्येक व्हीलॅनमध्ये स्वतःचा एक आयपी आणि स्वतःचा मॅक असतो. फ्रेम आली की तो बघतो, ही माझ्या मॅकच्या नावावर आलीय का? नसेल तर ब्रिज कर. माझ्याच नावावर आलीय आणि आतला आयपी मात्र दुसऱ्याचा आहे, तर राउट कर. बस.

तुमच्याच ऑफिसातलं उदाहरण घेऊ. पीसी १९२.१६८.१०.२५, एनव्हीआर १९२.१६८.३०.५, दोन्हीकडे मास्क २४ बिटचा, म्हणजे पहिले तीन आकडे सबनेटचे. पीसी स्वतःच बघतो की हा आपल्या सबनेटमधला नाही, म्हणजे गेटवेला, सबनेटच्या बाहेर नेणाऱ्या डब्याला, द्यावा लागेल. गेटवेचा मॅक माहीत नसला तर तो व्हीलॅन १० मध्ये ओरडून विचारतो, १९२.१६८.१०.१ कुणाचा आहे? सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर हरवलेल्या पोराच्या आईबापांना लाऊडस्पीकरवरून पुकारतात ना, तसंच, ऐकतात सगळे आणि पुढं येतात फक्त ज्यांचं पोर आहे ते. स्विच म्हणतो माझा आहे, हा घे माझा मॅक. या विचारण्यालाच एआरपी म्हणतात. पीसी त्या मॅकवर फ्रेम पाठवतो. स्विच बघतो, नाव माझं, आयपी ३०.५ चा, राउट करा. टीटीएल कमी, पाठवणाऱ्याच्या जागी स्विचचा मॅक, घेणाऱ्याच्या जागी एनव्हीआरचा मॅक, आणि मग व्हीलॅन ३० मध्ये हा मॅक कुठल्या पोर्टावर आहे ते परत मॅक टेबलमध्ये शोधायचं. म्हणजे बघा, आधी ब्रिजिंग, मधे राउटिंग, शेवटी परत ब्रिजिंग, आणि हे सगळं एकाच डब्यात, तेही सीपीयूला हात न लावता चिपमध्येच होतं, म्हणून राउटिंग करूनही त्याचा वेग ब्रिजिंगइतकाच राहतो.

करायचं कसं ते पटकन सांगतो. स्विचवर आयपी राउटिंग चालू करा, बऱ्याच स्विचवर ते आधी बंद असतं. तिन्ही व्हीलॅनच्या इंटरफेसला आयपी द्या, राउटरवर जे गेटवे आयपी होते तेच दिले तर बाकी मशिनींवर काही बदलावं लागत नाही, फक्त राउटरवरून ते आधी काढा, नाहीतर एकच आयपी दोघांकडे होईल. स्विच आणि राउटर यांच्यामध्ये एक छोटं वेगळं सबनेट ठेवा आणि स्विचचा डिफॉल्ट रूट राउटरकडे करा. आयपी वाटायचं काम राउटर करत असेल तर स्विचवर डीएचसीपी रिले लावा, कारण डीएचसीपीची, म्हणजे आयपी मागायची, हाक ब्रॉडकास्टनं, सगळ्यांना ओरडून, जाते आणि ब्रॉडकास्ट राउटिंगच्या पलीकडे जात नाही.

आणि हे विसरू नका, राउटिंग चालू केलं की तिन्ही व्हीलॅन एकमेकांना दिसायला लागतात. शेडमधल्या कॅमेऱ्याच्या वायरला कुणी लॅपटॉप लावला तर तो अकाउंटच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकतो. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधून कुणाला कुठं जाता येईल याची अ‍ॅक्सेस लिस्ट त्याच दिवशी लावा, नंतर करू म्हटलं की ते राहूनच जातं.

प्रश्न : सर, मी इथंच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात स्विच लेयर २ आणि राउटर लेयर ३ असंच दिलंय. लॅबमध्ये जुना सिस्को राउटर आहे, त्यावर दोन पोर्ट ब्रिज ग्रुपमध्ये टाकले तर पोर्टवर दिलेल्या आयपीला पिंग लागायचं बंद झालं. बीव्हीआय बनवला तरी पण नाही लागत. काय चुकतंय?

उत्तर : पुस्तक कामांबद्दल बोलतंय आणि तू डब्यांबद्दल वाचतोयस, घोळ तिथं आहे. लेयर २ आणि लेयर ३ ही कामं आहेत, डब्यांची नावं नाहीत. एक डबा दोन्ही कामं करू शकतो, आणि तुझ्या लॅबमधला राउटर ते करायला शिकला त्या काळातला आहे, म्हणून त्याच्यावर हात बसव, नव्या स्विचपेक्षा त्याच्यात आतलं जास्त दिसतं.

त्या वेळी नेटवर्कवर नुसता आयपी नव्हता. नेटबीयूआय, लॅट असले प्रोटोकॉल होते ज्यांच्यात नेटवर्कचा पत्ताच नाही, त्यांना राउट करणं शक्यच नव्हतं, ब्रिजच करावं लागायचं. आधी एका राउटरवर एक प्रोटोकॉल एकतर राउट करा नाहीतर ब्रिज करा अशी परिस्थिती होती. मग कॉन्करंट राउटिंग अँड ब्रिजिंग आलं, तेच सीआरबी, त्यात काही पोर्टांवर आयपी ब्रिज करता येतो आणि काही पोर्टांवर राउट, पण ही दोन टोळकी एकमेकांना भेटतच नाहीत, ब्रिजमधलं मशीन राउट केलेल्या बाजूला जाऊच शकत नाही. इंटिग्रेटेड राउटिंग अँड ब्रिजिंगनं, म्हणजे आयआरबीनं, त्यांच्यामध्ये दार उघडलं, आणि त्या दाराचं नाव बीव्हीआय, ब्रिज ग्रुप व्हर्च्युअल इंटरफेस. तारेचा पोर्ट नसलेला, फक्त आत असलेला इंटरफेस, जो एका बाजूनं ब्रिजचा सदस्य आहे आणि दुसऱ्या बाजूनं राउटरचा.

आता तुझी चूक. पोर्ट ब्रिजमध्ये गेला की तो नुसता भोक राहतो, त्याला स्वतःचा आयपी ठेवायचाच नाही, आयपी बीव्हीआयवर जातो. लिनक्समध्येही हेच आहे, नेटवर्क कार्ड ब्रिजमध्ये टाकलं की आयपी कार्डावरून काढून ब्रिजच्या इंटरफेसवर द्यायचा, तिथंही नवीन माणूस नेमका इथंच अडकतो. तू बीव्हीआय बनवलास ते बरोबर, पण त्याचा नंबर ब्रिज ग्रुपच्याच नंबरचा पाहिजे, ग्रुप १ तर बीव्हीआय १. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी ओळ म्हणजे 'ब्रिज १ राउट आयपी'. ती नसेल तर राउटर त्या ग्रुपमधला आयपी नुसता ब्रिज करत बसतो, बीव्हीआयकडे राउटिंगसाठी देतच नाही. मला वाटतं तुझी तीच राहिलीय.

एवढं जमलं की नव्या स्विचवरचा एसव्हीआय, म्हणजे व्हीलॅनचा आतला इंटरफेस, बघ, ज्युनिपर कंपनीच्या डब्यांवरचा आयआरबी इंटरफेस बघ, सगळीकडे तुला हेच दार दिसेल, नाव फक्त वेगळं. डेटा सेंटरमधल्या ईव्हीपीएनमध्ये, म्हणजे एथरनेट व्हीपीएनमध्ये, हीच गोष्ट शेकडो स्विचांवर पसरून करतात आणि त्याची आरएफसी ९१३५, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, ही २०२१ ला आली, तिच्या नावातच इंटिग्रेटेड राउटिंग अँड ब्रिजिंग आहे. जमलं तर वाच, कळणार नाही असं काही त्यात नाही.

एक राहिलं. पहिला एथरनेट स्विच १९९० साली बाजारात आणणाऱ्या कंपनीचं नाव कल्पना होतं, संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज. १९९४ ला सिस्कोनं ती विकत घेतली. तुमच्या पुस्तकात हे असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : जुळे सोलापुरात क्लास आहे आमचा. लेयर ३ स्विचवर नवीन व्हीलॅन केला, जुन्या व्हीलॅनला पिंग लागतंय, पण नवीनमध्ये इंटरनेट येत नाही.

उत्तर : जायचा रस्ता आहे, यायचा नाही. नवीन व्हीलॅनचं पॅकेट स्विचमधून इंटरनेटच्या राउटरपर्यंत पोचतं, पण तुमचं नवीन सबनेट, समजा १९२.१६८.४०.०, कुठं आहे हे त्या राउटरला माहीतच नाही, मग तो उत्तर स्विचकडे न पाठवता भलतीकडेच टाकतो. राउटरवर स्टॅटिक रूट टाका, ४० चं सबनेट पाहिजे तर स्विचच्या आयपीकडे जा. तरी नाही आलं तर राउटरच्या नॅटच्या (आतले आयपी बाहेरच्या आयपीत बदलण्याच्या) नियमात फक्त जुनं सबनेट लिहिलंय का बघा.

प्रश्न : सर, एवढं सगळं कशाला करायचं? आमच्याकडं १५० मशिनी एकाच सबनेटमध्ये आहेत, सगळं ब्रिजच आहे, मस्त चाललंय की. – होटगी रोड

उत्तर : चाललंय तोवर चालू द्या, १५० मशिनींसाठी आजच्या आज काही मोडायची गरज नाही, हे मी खरंच म्हणतोय. फक्त एक धोका माहीत पाहिजे. एथरनेटच्या फ्रेममध्ये टीटीएल नसतो. आयपी पॅकेट चुकून गोल फिरायला लागलं तर प्रत्येक राउटरला एक कमी होत होत जास्तीत जास्त २५५ फेऱ्यांत मरतं, पण ब्रिजमध्ये गोल तयार झाला तर ब्रॉडकास्ट मरतच नाही, फिरतो आणि वाढत जातो.

एका कारखान्यात मी हे डोळ्यानं बघितलंय. सफाई करताना लोंबणारी वायर दिसली म्हणून एकानं चांगल्या मनानं ती रिकाम्या पोर्टात खोचून ठेवली, दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. पाच मिनिटांत हजेरीचं मशीन, बिलिंग, कॅमेरे, फोन सगळं बंद, कारण सगळं एकाच ब्रिजमध्ये. चार तास आम्ही वायरी उपसत होतो. त्या पोराला लई बोलणी बसली आणि मला ते आवडलं नाही, चूक त्याची नव्हती, ज्यानं स्पॅनिंग ट्री बंद ठेवला त्याची होती.

हे गोल तोडण्यासाठीच रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री काढला, जास्तीचा रस्ता आपोआप बंद करून ठेवणारा. तुमच्या स्विचवर तो चालू आहे का तेवढं आज बघाच. आणि पुढच्या वेळी नवीन शेड जोडाल तेव्हा ती वेगळ्या सबनेटमध्ये टाका आणि मधे राउट करा, मग एका शेडचं वादळ दुसऱ्या शेडमध्ये जाणार नाही.

प्रश्न : चाटी गल्लीत कापडाचं दुकान आहे. व्हीलॅन वेगळे केल्यापासून मोबाईलवरून बिलाचा प्रिंटर सापडत नाही, स्विचवर राउटिंग चालू आहे, पिंग लागतंय.

उत्तर : प्रिंटर शोधायचं काम मल्टिकास्टनं, म्हणजे एका गटाला एकदम हाक मारून, चालतं, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, आणि हा पत्ता मुद्दामच राउट न होणारा ठेवलाय, म्हणजे शोध व्हीलॅनच्या भिंतीलाच थांबतो. छपाई मात्र राउट होते. प्रिंटरला पक्का आयपी द्या आणि मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये तो हातानं टाका. अ‍ॅप हातानं टाकू देत नसेल तर प्रिंटर आणि बिलिंगचे मोबाईल एकाच व्हीलॅनमध्ये ठेवा, एवढ्यासाठी अजून एक सॉफ्टवेअर बसवून त्याची देखभाल करत बसू नका.

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीत दोन लेयर ३ स्विच आहेत, व्हीआरआरपी लावलंय, एक बंद पडला तर दुसरा गेटवे होतो. सगळं नीट आहे, पण वायरशार्क (पोर्टावरचा ट्रॅफिक दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला की ज्या पीसीशी आपला संबंध नाही त्याचा ट्रॅफिक आपल्या पोर्टावर दिसतो. स्विच हबसारखा, म्हणजे सगळं सगळ्यांना देणाऱ्या जुन्या डब्यासारखा, का वागतोय?

उत्तर : फार चांगला प्रश्न पाठवलात, ब्रिजिंग आणि राउटिंग एकाच डब्यात राहून एकमेकांशी कसं भांडतात ते यात उघडं दिसतं.

तुमचा पीसी बाहेर जाताना स्विच अ कडून जातो, कारण व्हीआरआरपीत गेटवे तोच आहे. पण उत्तर वरच्या राउटरकडून स्विच ब कडे येतंय, कारण त्याच्यासाठी दोन्ही रस्ते सारखेच. ब त्या पॅकेटला राउट करतो, पीसीचा मॅक त्याच्या एआरपी टेबलमध्ये, म्हणजे कुठल्या आयपीचा कुठला मॅक त्या यादीत, आहेच. मग हा मॅक कुठल्या पोर्टावर आहे म्हणून मॅक टेबल बघतो, तर तिथली नोंद उडालेली. का? पीसी अ च्या नावावर फ्रेम पाठवतो, त्या ब पर्यंत येतच नाहीत, आणि पाठवणाऱ्याची फ्रेम दिसल्याशिवाय स्विच मॅक शिकत नाही. बऱ्याच स्विचवर मॅकची नोंद ५ मिनिटांत पुसली जाते आणि सिस्कोवर एआरपीची नोंद ४ तास टिकते. म्हणजे राउटिंगवाल्या अर्ध्याला पीसी कोण ते माहीत आहे आणि ब्रिजिंगवाला अर्धा विसरलाय कुठं आहे, मग तो ब्रिजच्या नियमानं वागतो, सगळ्या पोर्टांवर सोडतो. तुम्हाला दिसतोय तो हाच ट्रॅफिक.

इलाज, एआरपीचा वेळ मॅकच्या वेळेपेक्षा थोडा कमी करा, मॅकचा ३०० सेकंद असेल तर एआरपीचा २७०. मग नोंद पुसायच्या आत ब स्वतःच पीसीला परत विचारेल, पीसी उत्तर देईल आणि त्या उत्तरातून मॅक परत शिकला जाईल. नाहीतर उलटं, मॅकचा वेळ ४ तासांवर न्या. मी पहिला पर्याय घेतो, कारण मशीन एका पोर्टवरून दुसऱ्यावर हलवलं तर जुनी नोंद फार वेळ चिकटून राहत नाही, मात्र मशिनी हजारांत असतील तर एआरपीचं ओझं सीपीयूवर किती पडतंय ते बघून ठरवा.

बदल दोन्ही स्विचवर करा, दहा पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि त्याच पोर्टवर परत वायरशार्क लावून बघा. तरी दिसत राहिलं तर ब वरचं त्या पीसीचं एआरपी टेबल आणि मॅक टेबल एकाच वेळी काढून पाठवा, पुढच्या अंकात तिथूनच पुढं बघू.